पालकांची रिपीटर बॅच

लातूरच्या शिकवणीवाल्यांनी शिकवायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. नीट आहे, जेईई आहे, सीईटी आहे, आठवीपासूनचं फाउंडेशन आहे आणि एकदा आपटलेल्यांसाठी रिपीटर बॅचही आहे. एवढ्या मोठ्या बाजारात एका परीक्षार्थ्याकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. तो पंचेचाळिशीचा आहे, त्याच्या हातात प्लॅस्टिकची फाईल आहे आणि त्याची परीक्षा निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. पोराचा पेपर तीन तासांत संपतो. बापाचा पेपर मे महिन्यात सुरू होऊन दिवाळीनंतरही चालतो, आणि त्याला ना गाईड मिळतं ना मॉडेल आन्सर.

ही उणीव भरून काढायचा मान चाकूरला मिळायला हवा. लोकसभेला अध्यक्ष आणि देशाला गृहमंत्री देणाऱ्या शिवराज पाटलांच्या गावाला कामकाजाचे नियम नवे नाहीत. लातूर पॅटर्न पोरांचा, चाकूर पॅटर्न पालकांचा. अभ्यासक्रम सरकारने आधीच तयार करून ठेवलाय, फक्त वर्ग सुरू करायचे आहेत.

पहिला पेपर इतिहासाचा. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. आता मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे. त्यामुळे जुना कागद सापडलाच तर उर्दूत किंवा मोडीत, आणि तो वाचणारा माणूस शोधायला आणखी चार गावं. सरकारने 2 सप्टेंबर 2025 ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा निर्णय काढल्यापासून तर या विषयाला फारच गर्दी झाली आहे. पोरगं पेशीचे भाग पाठ करत असतं तेव्हा बाप पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधत असतो. पणजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते, ही अडचण अभ्यासक्रमाबाहेरची धरावी.

दुसरा पेपर भूगोलाचा. चाकूर लातूर-नांदेड रस्त्यावर, लातूर आणि अहमदपूर यांच्या मध्ये. जातीचा दाखला अहमदपूरच्या प्रांत कार्यालयाचा आणि पडताळणी समिती लातूरला. एक गावाच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला. अहमदपूरच्या एसटीत बसावं की लातूरच्या, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दोन्ही पर्यायांना अर्धाच गुण मिळतो.

गणितात विद्यार्थी जास्त नापास होतात. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाख, इथवर सोपं आहे. शेतकऱ्याचं उत्पन्न किती, हे अवघड. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि अडतीत पट्टी निघत होती त्याच्या बरीच खाली. मग उत्पन्न कोणत्या भावाने मांडायचं? बरोबर उत्तर असं की, दाखल्यावर जो आकडा येईल तेच आपलं उत्पन्न. त्यापुढचं गणित कॅप राऊंडचं. 2025 पासून अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसरीत पहिल्या सहांतला एखादा मिळाला, की जागा आपोआप पक्की. ती घ्या, नाहीतर पुढच्या फेऱ्या विसरा. ज्या माणसाने पोरगी बघायलासुद्धा मामाला सोबत नेलं होतं, त्याने आता एकट्याने कॉलेजांचा पसंतीक्रम लावायचा.

कायद्याच्या पेपरात एकच प्रश्न असतो, तरी त्याचं उत्तर सारखं बदलतं. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागतो का? 2004 च्या शासन आदेशाप्रमाणे लागत नाही. तरीही लोक शंभराचा घेत राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचे पाचशे झाले. मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी ते पाचशे माफ केल्याचं जाहीर केलं. म्हणजे जे वीस वर्षांपूर्वी माफ होतं ते पुन्हा नव्याने माफ झालं, आणि दोन्ही वेळा सरकारचं अभिनंदन झालं. तलाठ्याचंही तसंच. 2024 मध्ये तो ग्राम महसूल अधिकारी झाला. रांग जुन्याच नावाने उभी आहे.

प्रात्यक्षिक सेतू केंद्रात. तिथे दोनच खुर्च्या असतात. एकीवर ऑपरेटर, दुसरीवर प्रिंटर.

‘‘मामा, अंगठा उठंना गेलाय. पुसा अन् पुन्हा ठिवा.’’

‘‘पुसून पुसूनच गेला की रं बाबा सगळा.’’

खुरपं आणि पाळी मारून रेषा झिजल्या, त्यामुळे आधारच्या लेखी मामा मामा नाहीत. ओटीपीने काम भागलं असतं, पण मोबाइल थोरल्याकडे, थोरला रानात आणि रानात रेंज नाही. तेवढ्यात ओटीपीची मुदत सरते. नाव जुळतं का ते नंतरचं. मार्कमेमोवर आडनावाचं एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. महाडीबीटीचा अर्ज इतकी विघ्नं पार करून मंजूर झालाच, तर पैसे कुठल्या खात्यात जाणार हे खातेदाराच्या हातात नसतं. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं गेलं, तिथे ते जातात. कधीतरी गावात शिबिर झालेलं असतं, कुणीतरी शून्य शिल्लकेचं खातं उघडून दिलेलं असतं, त्याचं पासबुक कणगीमागे पडलेलं असतं आणि शिष्यवृत्ती त्या खात्यात निवांत बसलेली असते.

या सगळ्यात फाईल सांभाळते ती आई. प्रत्येक दाखल्याच्या पाच झेरॉक्स, ओरिजिनल वेगळ्या पिशवीत आणि पिशवी गव्हाच्या डब्यावर, पाणी लागू नये म्हणून. घरातला अभिलेख कक्ष तिच्याकडे, पण कुठल्याही रकान्यात तिला गुण नाहीत.

आधी निदान अकरावी यातून सुटलेली होती. चाकूरचा दहावी पास पोरगा मार्कमेमो घेऊन लातूरला जायचा, शाहू किंवा दयानंद कॉलेजचा फॉर्म भरायचा, यादीत नाव बघायचा. 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. 21 मे रोजी नोंदणी सुरू झाली आणि त्याच दिवशी संकेतस्थळ आडवं झालं. ते उभं राहिलं 26 मे रोजी. पर्याय द्यायचे एक ते दहा. ज्याला कॉलेज एकच ठाऊक आणि तेही बस स्टँडवरून चालत जाता येतं म्हणून, त्याने उरलेले नऊ कुठून आणायचे?

चाकूरकरांनी मात्र न्यूनगंड बाळगू नये. अमेरिकेने आर्थिक मदतीचा आपला फाफसा नावाचा अर्ज सोपा करायला घेतला. तो ऑक्टोबरऐवजी 2023 च्या डिसेंबरअखेर उघडला, त्यात चुका निघाल्या आणि कॉलेजांपर्यंत माहिती पोचायला मार्च उजाडला. सोपं करणं हे जगभर सारखंच अवघड दिसतं.

जुन्या लोकांना मात्र अवघड करण्याची ही विद्या अवगत नव्हती. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केलं ते अर्जाची प्रिंट न मागता. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची, एवढा करार झाला आणि बोट निघाली. आज योजनांना नावं या मंडळींचीच आहेत. पण त्यांच्यापैकी कुणी स्वतःच्याच नावाच्या योजनेत अर्ज करायला आलं, तर ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत जाईल.

यातली थट्टा बाजूला ठेवली तरी हिशेब उरतोच. ज्याची रोजंदारी बुडाली की संध्याकाळची चूल अडते, त्यालाच सर्वांत जास्त हेलपाटे आहेत. नोकरदार बाप एक रजा टाकतो आणि लॅपटॉप उघडतो. मजुराला दाखल्यासाठी चार दिवस घालवावे लागतात, म्हणजे शिष्यवृत्ती हातात येण्याआधीच तिचा पहिला हप्ता त्याने स्वतः भरलेला असतो. 8 जुलै 2024 च्या निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या इतर मागास, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शंभर टक्के फी माफ झाली. चांगलंच झालं. तरी मंत्र्यांना कॉलेजांना पुन्हा पुन्हा बजावावं लागलं की या मुलींकडून आधी फी भरून घेऊ नका. कागदावर माफ झालेली फी खिडकीवर माफ व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात सावकाराचं व्याज थांबत नाही.

म्हणून चाकूर पॅटर्नचे वर्ग लवकर निघावेत. शिक्षकांची अडचण येणार नाही. तीन लेकरांची कॉलेजं आणि सतरा अर्ज पार केलेला एखादा बाप प्रत्येक गल्लीत आहे, त्याला विभागप्रमुख करावं. असा माणूस पगारावर अडून बसणार नाही. त्याची अट एकच असेल, 1 एप्रिलची रजा. 31 मार्चला घरातले निम्मे दाखले बाद होतात आणि दुसऱ्या दिवशी सेतूवर पहिला नंबर लावायचा असतो.