लाँगरनबाब

म्हापशातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयात, प्रत्येक पतसंस्थेत आणि औषधांच्या दर दुसऱ्या दुकानात एक लाँगरनबाब असतो. वय पस्तीस ते पंचेचाळीस, डोळे तारवटलेले, मोबाइल कायम चार्जिंगला. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असतं, पण हरलेल्या प्रत्येक डावानंतर तो "लाँग रनमध्ये बघा" असं म्हणतो, म्हणून हे नाव. 'बाब' हा आमचा गोव्याचा आदर. तो आम्ही कुणालाही देतो, त्यासाठी वेगळी पात्रता लागत नाही.

लाँगरनबाब रात्री जेवण झालं की ऑनलाइन पोकर खेळायला बसायचा. टेबल एक-दोन रुपयांचं. म्हणजे पानं वाटण्याआधी एकाने एक आणि दुसऱ्याने दोन रुपये मध्ये टाकायचे, आणि प्रत्येकाने दोनशे घेऊन बसायचं. याला कुणी जुगार म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. "हो जुगार न्हय. स्किल!" मग तो 1968 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढायचा: रमी हा कौशल्याचा खेळ आहे. रमीवरच्या निकालाचा पोकरला काय उपयोग, असं विचारणाऱ्याला तो चहा पाजत नसे. कौशल्यावर इतका विश्वास असूनही ऑफिसातून येताना तो बोडगेश्वरासमोर अॅक्टिव्हा थांबवून गाऱ्हाणं घालायचाच. कौशल्यालाही राखणदार लागतो.

पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असताना हा घरात मोबाइलवर का, असं बाहेरचा माणूस विचारील. 1976 च्या जुगारविरोधी कायद्यात 1992 आणि 1996 मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि आधी पंचतारांकित हॉटेलांत, मग पाण्यावर जुगाराला वाट मिळाली. पण 1 फेब्रुवारी 2020 पासून त्या बोटींवर खेळायला गोंयकारालाच मनाई. दिल्लीचा माणूस मोपा विमानतळावर उतरून थेट टेबलाशी जातो आणि लाँगरनबाब पुलावरून दिवे बघतो. "आमच्या भल्यासाठीच आहे," असं तो म्हणतो, तेव्हा त्याच्या आवाजात भलं फारसं जाणवत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत तो दोन पानं हातात आली की खेळायचा. पानं दिलीत तर खेळायला नको? अन्नाला नाही म्हणू नये, तसं त्याचं पानांचं होतं. मग त्याला ज्ञान झालं. पोकरमध्ये सुरुवातीच्या दोन पानांचे एकूण 169 प्रकार होतात आणि त्यातले बहुतेक बघून टाकून द्यायचे असतात. चांगला खेळाडू पाचातले चार डाव खेळतच नाही. शेवटी बोलायला मिळालं तर थोडं जास्त खेळायचं, आधी बोलावं लागलं तर आणखी कमी. महिन्याभरात लाँगरनबाबचा खेळ इतका सुधारला की तो रात्री तासभर नुसता बसून पानं टाकत असे. बायको म्हणाली, "बसपाचेंच जाल्यार देवळांत बस."

टाकण्याची विद्या आल्यावर गणित आलं. बाजारातल्या हॉटेलात सुकी भाजी आणि पाव समोर असताना तो बशीच्या कडेला पावाचे तुकडे मांडून समजावायचा. "हांगा साठ रुपये. समोरच्याने तीस लावले. मी तीस देऊन नव्वद मिळवायचे, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. माझ्याकडे बदामाची चार पानं जमलीत, पाचवं यायचंय, आणि एकच पान उघडायचं राहिलंय. न दिसलेली पानं सेहेचाळीस, त्यात बदाम नऊ. पाचात एकदासुद्धा नाही! मग काय करायचं?" पाव खायचा, असं आम्हाला वाटे. "टाकायचं!" असं म्हणून तो बशीतला साठ रुपयांचा तुकडा तोंडात टाकत असे.

एका रात्री त्याच्या हातात दोन एक्के आले. हे सरासरी 221 डावांत एकदाच होतं. त्याने दोनशेच्या दोनशे लावले. पलीकडच्या अज्ञात सज्जनाने सत्ती-दुरीवर, म्हणजे जगातल्या सर्वांत भिकार पानांवर, तेवढेच लावले. शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वेळा इथे एक्के जिंकतात. त्या रात्री सत्ती आली आणि शेवटच्या पानावर दुरी आली. दोनशे रुपये गेले त्याचं दुःख त्याला नव्हतं, निदान तो तसं म्हणत होता. पण ही कहाणी त्याने कारकुनाला, शिपायाला, पोदेराला आणि दाखला न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याला सांगितली. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागीर दाखलो केन्ना मेळटलो?"

त्याची एक वही होती. तारीख, वेळ, जमा, गेले, आणि शेवटच्या रकान्यात 'मनःस्थिती'. तिथे बहुतेक दिवशी 'तापलेला' असं असायचं. तापलेल्या माणसाने खेळायचं नाही हा नियम त्यानेच पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता. दुसरा नियम, टेबलावर नेतो त्याच्या किमान वीसपट पैसे बाजूला असल्याशिवाय बसायचं नाही. हा मात्र तो काटेकोर पाळायचा. आदर्श एकच, 2003 साली ऑनलाइन किरकोळ प्रवेश फीच्या स्पर्धेतून लास व्हेगासला जाऊन पंचवीस लाख डॉलर्स जिंकलेला अमेरिकन हिशेबनीस. त्याचं आडनाव खरोखरच मनीमेकर आहे. "तोही आकडेमोडच करायचा," लाँगरनबाब म्हणे आणि खात्याच्या फाइलकडे बघून उसासा टाके.

बायकोनेही एकदा आकडेमोड केली. तासाला साठ डाव, रोज एक तास, म्हणजे वर्षाला बावीस हजार. हात खरा कळायला निदान लाखभर डाव लागतात, असं तोच सांगतो. म्हणजे साडेचार वर्षं. "तेन्ना कळटलें?" तिने विचारलं. "लाख म्हणजे तसे थोडेच," तो म्हणाला.

पण त्याला खरं गारद केलं त्याच्या मामाने. मामा डिचोलीचा, आयुष्यभर मटक्याचा. स्वप्नात साप आला की कुठला आकडा आणि मेलेली आजी आली की कुठला, हे त्याला पाठ. लाँगरनबाबने त्याला शास्त्र सांगितलं: आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ, म्हणजे मटकेवाला दहा टक्के खातो. मामाने विडा जमवत विचारलं, "तुमगेर कोण खायना?" तेव्हा सांगावं लागलं की प्रत्येक डावात कंपनीची कात्री असते, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी. जिंकलंच, तर निव्वळ कमाईवर तीस टक्के टीडीएस. मामा म्हणाला, "म्हजे कडल्यान मटकेवालो धा घेता, तुजे कडल्यान सरकार अठ्ठावीस. मागीर शाणो कोण?"

शुक्रवारच्या बाजारात त्याने आपली विद्या एकदा हरमलच्या मिरचीवर चालवून पाहिली. भाव ऐकला, चेहरा दगडाचा केला, शंभर रुपये कमी सांगितले आणि शांतपणे पुढे निघाला. मिरचीवालीने हाक मारायला हवी होती. तिने सुपातल्या मिरच्या सारख्या केल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. हा पुढच्या माणसाकडे मोयऱ्याची केळी उगाच चाचपून परत आला. तिने वर न बघता पहिल्याच भावाने मिरची तोलली. पेडण्याहून पहाटेच्या बसने येणारी ही बाई सकाळपासून अशी कितीतरी तोंडं वाचत होती, आणि तिला 169 प्रकार ठाऊक असण्याची गरज नव्हती.

22 ऑगस्ट 2025 रोजी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि टेबलं उठली. पाच दिवसांवर चवथ. पेडण्याच्या मूळ घरी आरत्या झाल्या, करंज्या झाल्या आणि माटोळीखाली तीनपत्तीचा फड बसला. लाँगरनबाबने आधी जाहीर केलं की सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात तीनपत्ती म्हणजे निव्वळ नशीब असं म्हटलंय. मग बसला आणि पानं बघून टाकत राहिला. दर डावाला पाच रुपयांचं बूट मात्र जात होतं. सत्तरीची काकू पानांना हात न लावता ब्लाइंड खेळून पैसे ओढत होती. "तूं खेळूंक आयला काय मोजूंक?" तिने विचारलं. रात्री दोनला त्याने वहीत लिहिलं: मनःस्थिती, शांत.

या माणसाचं काहीच सुधारलं नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण नंतर त्याच्या घरी एक एजंट आला. मोपाजवळ प्लॉट, आता पाच लाख, दोन वर्षांत दुप्पट. शेजाऱ्यांनी घेतलेत, मेव्हणा घेणार आहे, बायकोने दागिन्यांचा डबा मनातल्या मनात उघडला होता. लाँगरनबाबने चहा संपवला आणि तीनच गोष्टी विचारल्या. व्यवहारात तुमची कात्री किती? आमच्या आधी टेबलावर कोण बसलंय आणि त्याला काय दिसतंय जे मला दिसत नाही? आणि हे पाच लाख सोडून माझ्याकडे वीसपट आहेत का? पहिल्या प्रश्नावर एजंट हसला, दुसऱ्यावर त्याने नकाशाची घडी घातली, तिसऱ्याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. "टाकलं," लाँगरनबाब म्हणाला.

एजंट गेल्यावर बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने आपणहून विचारलं, "आयकलें? ते एक्क्यांचें कितें जाल्लें तें?"

त्याने खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि समोरचा माणूस कुठल्या जागेवर बसला होता इथपासून सुरुवात केली. तो सत्तीपर्यंत पोचायच्या आत ती कुकर बघायला आत गेली होती.