बालकाचा पदभार : धरणाकाठच्या सहकुटुंब सहलीची कार्यपद्धती

सहकुटुंब ग्रीष्मसहल म्हणजे, व्याख्येपुरते बोलायचे तर, ज्या तीन-चार बिऱ्हाडांना वर्षभर एकमेकांवाचून उत्तम करमते त्यांनी मे महिन्यात एका छपराखाली, एका गीझरवर आणि शक्यतो पाण्याच्या काठी चार दिवस एकत्र काढण्याचा संकल्प होय. या संकल्पाच्या सिद्धीसाठी ज्येष्ठांची पथ्ये, जावाजावांमधील सौजन्य आणि मेहुण्यांचा गाडी हाकण्याचा वेग असे अनेक घटक विचारात घ्यावे लागतात. परंतु मंडळींमध्ये दीड-दोन वर्षांचे बालक असल्यास हे सर्व घटक दुय्यम ठरतात, आणि प्रस्तुत विवेचन अशाच मंडळींपुरते मर्यादित आहे. उदाहरणादाखल येथे भंडारदरा घेतला आहे, कारण मुंबईकडचे नातेवाईक कसारा घाट चढून घोटीमार्गे आणि पुण्याकडचे संगमनेर-अकोल्यावरून येतात तेव्हा दोन्ही पक्षांना जवळजवळ सारखाच प्रवास पडतो, आणि ‘नेहमी आम्हीच लांबून येतो’ या विधानाला निदान भूगोलाचा आधार उरत नाही.

प्रथम जलाशयाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. प्रवरा नदीवरील हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले, तर त्यामागे साठलेले पाणी आर्थर लेक या नावाने ओळखले जाते. त्याची साठवणक्षमता सुमारे ११ टीएमसी, म्हणजे अकरा हजार दशलक्ष घनफूट आहे. मात्र हा आकडा पावसाळ्याअखेरचा असून सहल मे महिन्यात असते, ही बाब खोल्या आरक्षित करणाऱ्या काकांच्या ध्यानात सहसा येत नाही. मधल्या काळात आवर्तने, म्हणजे शेतीसाठी ठरावीक मुदतीने सोडली जाणारी पाण्याची पाळी, सुटलेली असतात, आणि जाहिरातीतल्या छायाचित्रात व्हरांड्याच्या पायरीशी दिसणारे पाणी प्रत्यक्षात बरेच खाली उतरलेले आढळते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीला महसुली भाषेत गाळपेर जमीन म्हणतात. प्रौढांना ती पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते. बालकाला मात्र धरण, सह्याद्री व कळसूबाईचे शिखर यांपेक्षा ती अधिक प्रेक्षणीय वाटते, कारण त्या मातीत पाय रुततो, चप्पल आत राहते आणि उरलेला ऐवज तोंडात घालता येतो.

येथपर्यंतचा भाग विनोदाचा मानता येईल. पुढचा तितकासा नाही. धरणाचा जलाशय म्हणजे पाण्याखाली गेलेले खोरे असल्याने त्याच्या तळाशी जुने ओढे आणि शेतांचे बांध तसेच असतात, आणि घोट्याइतके पाणी दोन पावलांवर कमरेइतके होऊ शकते. शिवाय बुडणारे मूल चित्रपटातल्याप्रमाणे हात उंचावून आरडाओरडा करत नाही. ते गप्पच बुडते, आणि लहान मुलाला त्यासाठी वीतभर पाणीही पुरते. म्हणून अशा सहलीचा मध्यवर्ती प्रश्न जेवण, झोप वा पत्ते हा नसून बालक या क्षणी कोणाकडे आहे हा असतो.

या प्रश्नाबाबत एकत्र कुटुंबपद्धतीचा एक विचित्र नियम ध्यानी घ्यावा लागतो. घरी एकट्या आईच्या नजरेखाली असलेले मूल बहुधा सुखरूप असते. तेच मूल आजी, आजोबा, दोन आत्या, एक मामा, मावशी आणि नुकतेच लग्न झालेले चुलतकाका यांच्या गराड्यात आले की मात्र अनाथ होते, कारण आई ते आत्याकडे आहे असे समजते, आत्या ते आजीकडे आहे असे समजते, आजीने ते मामाकडे पाहिलेले असते आणि मामा त्या वेळी फोनला रेंज कोठे मिळते याच्या शोधात टेकाडावर गेलेला असतो. ‘आहोत की आपण सगळे’ हे वाक्य या व्यवस्थेचे ब्रीद आहे, आणि सहलीच्या काळात ते उच्चारण्यास सक्त मनाई करावी.

यावर उपाय सरकारी कचेऱ्यांनी फार पूर्वीच शोधून ठेवला आहे. तेथे एक अधिकारी जाऊन दुसरा येतो तेव्हा पदभार सोपवला जातो, म्हणजे दप्तर, किल्ल्या व शिक्के मोजून ताब्यात दिले-घेतले जातात आणि दोघांच्या सह्या झाल्याखेरीज पहिल्याची सुटका होत नाही. बालकाचेही तसेच करावे. देणाऱ्याने ‘बाळ तुमच्याकडे’ असे नाव घेऊन म्हणावे, घेणाऱ्याने ‘बाळ माझ्याकडे’ असे उत्तर द्यावे, आणि हे उत्तर ऐकू येईपर्यंत देणाऱ्याने जागा सोडू नये. केवळ मान डोलावणे, ‘हं’ म्हणणे अथवा वर्तमानपत्रामागून हात हलवणे ही पोच ग्राह्य धरू नये. पाण्याजवळ एका व्यक्तीची पाळी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक ठेवू नये, पाळीवरील व्यक्तीकडे फोन असू नये, आणि तिचे बालकापासूनचे अंतर हाताच्या लांबीइतकेच असावे. आजोबांना पाळीतून वगळल्यास ते दुखावतात आणि न वगळल्यास खुर्चीत डुलकी घेतात, तेव्हा त्यांना पर्यवेक्षक नेमावे. या पदाला मान भरपूर असून कर्तव्य काहीही नसते.

नौकाविहाराबाबत इतकेच सांगणे पुरे, की मोठ्या माणसाचे जीवरक्षक जाकीट बालकाला घातल्यास पाण्यात जाकीट वर राहते व बालक त्यातून खाली निसटते. बालकाच्या वजनाला योग्य आणि पायांमधून पट्टा असलेले जाकीट नसेल तर त्याने नावेत बसू नये. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांना तर खेळणेच समजावे. नावाडी ‘काही होत नाही’ असे म्हणेल. त्यावर वाद घालू नये आणि विश्वासही ठेवू नये.

आहाराचा विषय खरे तर संक्षिप्त आहे, कारण बालक मऊ भात, मेतकूट आणि तूप याखेरीज काही खात नाही. तो लांबतो तो केवळ दोन्ही आज्यांमुळे. नाचणीचे सत्त्व उष्ण की थंड आणि आंब्याच्या दिवसांत बाळाला रस किती द्यावा, याविषयी त्यांची मते परस्परविरोधी असून दोन्हींना तेवढाच जुना आधार असतो. अशा प्रसंगी आईने दोघींनाही होकार द्यावा आणि क्षारसंजीवनीची पाकिटे आपल्या पिशवीत ठेवावीत.

मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, या परिसरात काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे एकदमच उजळतात व विझतात; ही उघडझाप म्हणजे नरांनी मादीला घातलेली साद असल्याने तेथे विजेरी, गाडीचे दिवे आणि गोंगाट वर्ज्य आहे. काजवे अंधार पडल्यावर दिसतात आणि बालक त्याच सुमारास झोपते, त्यामुळे कोणीतरी मागे राहणे क्रमप्राप्त ठरते. हा कोणीतरी दरवर्षी बालकाची आईच निघते, व इतरांच्या मते तिला तशी आवडच असते. या मताला पुरावा मागण्याचा प्रघात पडला तर बरे होईल; तोवर चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि त्यांत बालकाच्या बापाचे नाव दोनदा घालावे.

परतीच्या सकाळी दोन गाड्या निघतात तेव्हा बालक दुसऱ्या गाडीत आहे असे दोन्ही गाड्यांना मनापासून वाटते, म्हणून पदभाराची पद्धत या वेळी विशेष काटेकोरपणे पाळावी. नाव पुकारून भागत नाही, कारण बालक ओ देत नाही. ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे लागते. दोन्ही गाड्यांत ते न आढळल्यास प्रथम स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. चार दिवस ते नेमाने जेथे जाऊन बसत होते त्या ओट्याखाली ते बहुधा असतेच, आणि कांदे चिरणाऱ्या बाईंना ‘बाळ कोणाकडे आहे?’ असे विचारल्यास त्या सुरी खाली न ठेवता ‘माझ्याकडं’ असे स्पष्ट उत्तर देतात.