रोजचे सात उंदीर

मांजराला दिवसाला किती खायला घालावं, हे कॅट फूडच्या पिशवीच्या मागे छापलेलं असतं. डावीकडे मांजराचं वजन, उजवीकडे ग्रॅम. तक्ता चांगला असतो, पण तो करणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मांजराला खायला घालणारा माणूस एकच आहे. आमच्या डोंबिवलीत असं घर शोधून सापडायचं नाही. आमच्याकडे खायला घालणारे चौघे, पाचव्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, आणि खाणारा एकटा नाना.

नाना म्हणजे आमचा पिवळा-पांढरा बोका. पोट कितीही भरलेलं असो, चेहरा कायम पेन्शन अडकलेल्या कारकुनासारखा. तो चेहरा घेऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नुसता बसतो. ओरडत नाही, पायात घोटाळत नाही. ओरडण्याचं काम आईच करते. "अरे, याला कुणी काही घातलंय का सकाळपासून?"

हिशेब खरं तर सोपा आहे. चार-साडेचार किलोच्या, घरातच लोळणाऱ्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात. नसबंदी झालेली असेल तर गरज आणखी कमी होते. भूक मात्र कमी होत नाही, उलट वाढते. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात. म्हणजे रोजचे ५५ ग्रॅमच्या आसपास. माझ्या मुलीने एकदा तेवढे दाणे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले आणि वाटीत घालून आजीला दाखवले.

आईने वाटीत पाहिलं, मग नातीकडे पाहिलं. "आणि बाकीचं?"

"बाकीचं नाही, आजी. दिवसभराचं एवढंच."

"हा नैवेद्य झाला. जेवण कुठाय?"

आईला दोष देण्यात अर्थ नाही. ती ज्या पंगतींत वाढायला शिकली, तिथे "पुरे" हा शब्द ऐकायचा नसतो. पाहुणा "पुरे" म्हणतो तो रीत म्हणून, आणि वाढणारी त्याचा आडवा हात हळूच बाजूला सारून जिलबी टाकते तीही रीत म्हणूनच. शेवटी दोघांचं मिळून व्हायचं तेवढं जेवण होतं. आता अशा बाईच्या पुढ्यात असा जीव आणून बसवा, जो "पुरे" म्हणतच नाही. पंगत संपणार कशी?

नानाच्या पंगतीची सुरुवात माझ्यापासून होते. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांत जास्त जागी असतात, कारण त्यांची शिकार त्याच वेळी बिळाबाहेर पडते. आमच्या घरात पहाटे हाताशी असलेली शिकार मी. पाचच्या सुमाराला नाना माझ्या छातीवर येऊन बसतो. मी डोळे न उघडता उठतो, मूठभर दाणे टाकतो आणि पुन्हा आडवा होतो. सहाला बायको उठते. तिला रिकामी वाटी दिसते. रिकामी वाटी हा आमच्या घरात उपासमारीचा पुरावा धरला जातो. मग आईचा दूधभात, वर साजूक तुपाची धार. कॉलेजला निघताना मुलीच्या हातून काहीतरी कुरकुरीत. ती गेली की नाना जिना ओलांडून काकूंच्या दारात हजर. काकू मालवणच्या. त्यांच्याकडे बांगडा असतो.

प्रत्येक दारात नाना शपथेवर सांगतो, की कालपासून पोटात अन्नाचा कण नाही. उंदराला मांजर साक्ष, असं म्हणतात. आमच्याकडे उंदीर उरलेला नाही. साक्ष तेवढी आहे, आणि तीही खोटी.

लसीकरणाला नेलं तेव्हा काट्याने ६.४ किलो दाखवले. डॉक्टरबाईंनी नानाच्या दोन्ही कुशींवरून बोटं फिरवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. याच्या मला शोधाव्या लागतायत. वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी." आम्ही सगळ्यांनी वरून पाहिलं. मांजराची अंगकाठी मोजायला एक ते नऊ असे अंक असतात, असं त्यांनी सांगितलं. नाना आठवर होता.

आईने घरी आल्यावर काकूंना पहिली बातमी दिली ती हीच. "नऊपैकी आठ मिळाले!" पाच म्हणजे उत्तम, हे डॉक्टरबाईंचं वाक्य बहुधा रिक्षात राहिलं.

तशी त्या दिवशी डॉक्टरबाईंनी वाक्यं बरीच सांगितली होती, आणि आम्ही ती प्रसादासारखी वाटून घेतली. बायकोने पाण्याचं वाक्य घेतलं. मांजराला तहान मुळात कमी लागते, नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलं तर पाणी कमी पडतं, म्हणून ओलं खाणंही द्यावं आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. तेव्हापासून अंधारात माझा पाय भांड्यात पडतो. मुलीने टॉरिनचं वाक्य घेतलं. हा घटक मांस-मासळीत असतो आणि मांजराला तो शरीरात पुरेसा तयार करता येत नाही. कमी पडला तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हा हृदयाचा संबंध दाखवून दिला, आणि मग कॅट फूड करणाऱ्यांनी त्यातलं टॉरिन वाढवलं. दूधभातात ते जवळपास नसतंच. त्यामुळे आमच्या पिढीजात शाकाहारी घरात सामिष खाण्याची सोय झाली, तीही डॉक्टरी सल्ल्याने, आणि फक्त नानासाठी. मी विचारून पाहिलं होतं.

आईने घेतलेलं वाक्य सगळ्यांत जड होतं. लठ्ठ मांजराला बारीक करायचं म्हणून एकदम उपाशी ठेवायचं नाही. दोन-तीन दिवस खाणं तुटलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, आणि ते जिवावर बेतू शकतं. वजन उतरवायचं ते हळूहळू, आठवड्याला फार तर एखादा टक्का. यातलं "उपाशी ठेवायचं नाही" एवढंच आईने पदराला बांधलं. कुणी नानाच्या वाटीकडे काटा घेऊन जाताना दिसलं की ती तेवढंच म्हणते, आणि डॉक्टरांच्या नावाने म्हणते. उपाशी राहण्याबद्दल तिची मतं तशी वेगळीच आहेत. आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचे काप असतात. त्याला उपास म्हणतात.

खरी क्रांती घडवली ती उंदराने. मुलीने कुठेतरी वाचलं, की एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात. आपल्या हिमतीवर जगणारं मांजर दिवसभरात असे आठ-दहा उंदीर एकेक करून मारतं, म्हणून त्याचं पोट एका मोठ्या जेवणासाठी घडलेलंच नाही. दाणे कायम समोर ठेवले तर ते दिवसातून दहा-वीस वेळा येऊन चार-चार दाणे खातं. नानासाठी डॉक्टरबाईंनी २०० कॅलरी ठरवून दिल्या होत्या. म्हणजे सात उंदीर. तेही सातवा जरा हाडकुळा.

कॅलरी आईला कधीच पटली नव्हती. न दिसणाऱ्या वस्तूवर तिचा देव सोडला तर विश्वास नाही. उंदीर मात्र लगेच समजला.

"माझ्या दूधभातात किती?"

मुलीने मांडणी केली. अर्धी वाटी म्हशीचं दूध, तेवढाच भात, चमचाभर तूप. "सहा उंदीर, आजी."

आई खुर्चीवर बसली. सकाळी साडेसातच्या आत, माझे दाणे वेगळे, नानाचा दिवस संपलेला असायचा. त्यानंतरचं सगळं हे आमच्या आग्रहाचं होतं.

दूध बंद करायला ती तरीही तयार नव्हती. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, दुधातली साखर फोडणारं पाचक अंगात उरत नाही, मग पोट बिघडतं, हे नाना कोचामागे अधूनमधून पटवून देतच होता. आईचा मुद्दा वेगळा होता. मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण काय उगीच पडली? तेव्हा बायको म्हणाली, "पितं असं म्हटलंय, आई. पचतं असं कुठे म्हटलंय?" सासू-सुनेच्या इतक्या वर्षांच्या वादात आईकडे उत्तर नसल्याचा हा दुर्मीळ प्रसंग. पुढचा धक्का श्रीखंडाचा. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं जनुकच त्याच्यात बिघडलेलं असतं, हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या लोकांनी शोधलं. मग नाना श्रीखंडाचं भांडं चाटतो ते कशासाठी? चक्क्यातल्या स्निग्धासाठी. "म्हणजे मी वेलची, केशर, जायफळ घालते ते?" आईने विचारलं. कुणी काही बोललं नाही.

काकूंना समजावणं त्याहून अवघड गेलं. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि काकूंचा बांगडा आलं-लसणाच्या वाटणाशिवाय तव्यावर जात नाही. त्यांच्या मते आम्ही शाकाहारी लोक माशांबद्दल बोलतो हाच मुळात आगाऊपणा होता. शेवटी मीठ-मसाला न लावता नुसता उकडलेला, काटे काढलेला एक लहान तुकडा, आणि तोही रोज नाही, असा तह झाला. काकू तो तुकडा आजारी माणसाच्या पथ्याच्या चेहऱ्याने देतात. नाना तो चाटूनपुसून खातो, याचं त्यांना वाईट वाटतं.

मग आला डबा. रोज सकाळी सात उंदरांचे दाणे मोजून एका डब्यात भरायचे. ज्याला जेव्हा माया येईल तेव्हा त्याने घालावं, पण या डब्यातूनच. पाऊच फोडला किंवा काकूंचा तुकडा आला, की तेवढे दाणे डब्यातून काढायचे. मला ही व्यवस्था मनापासून पटते. हिच्यात मायेला बंदी नाही, फक्त एकूण बेरजेला आहे. पहिले काही दिवस डबा सकाळी अकराला रिकामा व्हायचा आणि संध्याकाळी घरात सुतक असल्यासारखं वाटायचं. मग आईने डब्याचा ताबा घेतला. आता ती एकेक चिमूट अशी पुरवून वाढते, की रात्री निजताना अर्धा उंदीर शिल्लक असतो. पहाटे पाचला तो मला मिळतो, म्हणजे माझ्या हातून नानाला.

गणपतीत जरा पंचाईत झाली. देवासमोर बसून कुणी किती उंदीर खाल्ले याची चर्चा आईला चालेना. ते त्याचं वाहन, आणि वाहनाला मोजमाप करता? म्हणून विसर्जनापर्यंत घरात "वाहन" असं म्हणायचं ठरलं. आरतीला आलेल्या शेजाऱ्यांनी आईच्या तोंडून ऐकलं, की नानाची पाच वाहनं झाली, अजून दोन राहिलीत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आधीच जागा नसते.

गेल्या वेळी नाना ६.१ भरला. डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली ती नेमकी कुणाला, यावर घरात अजून एकमत नाही.

परवा बायकोचे मामा जेवायला होते. पुरणपोळीचा बेत. दुसऱ्या पोळीनंतर मामांनी रीतीप्रमाणे हात आडवा धरला. आईने रीतीप्रमाणे तो बाजूला सारला आणि पोळी वाढत म्हणाली, "घ्या हो, एका पोळीत असे किती असतात? नऊ उंदीर."

मामांचा घास ओठांपाशीच थांबला. "कुठल्या पोळीत?"

"तूप धरून दहा," मुलगी आतून ओरडली.