चिन्मय काळे, बंड्याला पत्र लिहिलंस का?

चि. चिन्मय काळे यास,

मिरकरवाड्याहून अनेक आशीर्वाद. आशीर्वाद मनापासून आहेत आणि खालचा आरोपही.

26 जून 2015 ला तुझा 'किल्ला' हा सिनेमा लागला तेव्हा आमच्याकडे बंदी चालू होती. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. मोठ्या नौका जेटीला बांधलेल्या, लहान होड्या वर ओढून शाकारलेल्या, खलाशी आपापल्या गावी गेलेले. घरोघरी ओटीवर जाळ्यांची दुरुस्ती चाललेली आणि माणसांकडे वेळच वेळ. आम्ही आठ-दहा जण मिळून तुला बघायला गेलो. बाहेर पडताना सगळे गप्प होते, डोळे पुसत होते. माझेही डोळे भरले होते, पण रागाने. आमच्या शाळेतल्या एक बाई गेली दहा वर्षं मला सांगतायत, "सर, परत बघा, आता आवडेल." गेल्या बंदीत परत बघितला. नाही आवडला.

चांगलं ते चांगलंच म्हणतो. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन केलं आणि कॅमेराही स्वतःच धरला. त्यांनी टिपलेला पाऊस आमचाच आहे. तो ओल्या चिऱ्याचा रंग दुसऱ्या कुठल्या सिनेमात मला दिसला नाही. 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीने तुझ्या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिलं, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तुझ्या आईच्या भूमिकेत अमृता सुभाष आहेत. नवरा गेलेली, बदलीच्या गावी मुलाला घेऊन आलेली बाई त्यांनी अशी उभी केली की तिच्यासाठी जीव तुटतो. वडील गेल्याचं तुझं दुःखही खरं. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं बंड्याबद्दल आहे.

पार्थ भालेरावच्या बंड्याला मी ओळखतो. अशी चार-पाच मुलं माझ्या वर्गात दरवर्षी मागच्या बाकावर असतात. शिव्या देतात, शिक्षकांना छळतात आणि नव्या मुलाला पहिली हाक तेच मारतात. पुण्याहून कोकणात आलेल्या तुला त्यानेच आपल्यात घेतलं, गाव दाखवलं. मग ती सायकलची शर्यत, तो किल्ला, तो पाऊस. पोरं तुला तिथेच सोडून निघून गेली. चुकलीच. तू भेदरलास, रुसलास, एकटा फिरलास आणि त्यातून मोठा झालास. ते सगळं आम्ही तुझ्याजवळ बसून पाहिलं. पण तुला त्या पावसात सोडून घरी पोचलेल्या बंड्याची ती रात्र कशी गेली? तिकडे कॅमेरा वळतच नाही. आईची पुन्हा बदली होते, तू निघतोस आणि सिनेमा तुझ्याबरोबर निघून जातो. बंड्या, समुद्र आणि किल्ला तिघेही मागे राहतात, सारख्याच मापाने. समुद्राला आणि किल्ल्याला त्याचं काही वाटत नाही. बंड्याला वाटतं.

मला कसं कळतं, तर मी बंड्या होतो. मी सहावीत असताना एका साहेबांचा मुलगा आमच्या वर्गात आला. त्याला पोहता येत नव्हतं, कुर्ली कशी उचलायची ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत तो सगळं शिकला. रत्नदुर्गाचा चढ आम्ही न थांबता धावायचो, भगवतीच्या देवळापाशी पोचलं की पालथे पडायचो. माझ्या आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं तो माझ्यापेक्षा जास्त खायचा. मग एका मे महिन्यात त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं. "पोचल्यावर पत्र टाकतो," म्हणाला. मी तीन आंतर्देशीय पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर नौका सुटल्या आणि शाळेआधी पहाटे मी जेटीवर बर्फ फोडायला जाऊ लागलो. वडिलांच्या नौकेचं इंजीन बसलं होतं, घरात वाट्याचे पैसे येत नव्हते. कशामुळे कोण मोठं होतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. मी तिथे मोठा झालो, बर्फाच्या लादीपाशी, पोस्टमनकडे डोळे लावून. त्या वेळी एखादा कॅमेरा गावात मागे राहिला असता तर बरं झालं असतं.

राहिलेल्याची गोष्ट सांगता येत नाही असं मुळीच नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी घे, किंवा सुजय डहाके यांनी त्यावर केलेला 2012 चा सिनेमा. तिथे जोशीला आवडणारी शिरोडकर निघून जाते आणि आपण जोशीबरोबर मागे राहतो. ती गेल्यावर त्याला जे पुढचं वर्ष काढायचं आहे, तिथेच गोष्टीचा जीव आहे. म्हणून ती मला अजून छळते. तुझ्या गोष्टीत मात्र मागे राहणं हे कोकणाचं कामच धरलेलं आहे. शहरातून दुखावलेलं माणूस यावं, आमच्या समुद्राकडे बघून त्याने बरं व्हावं आणि आम्ही हात हलवून निरोप द्यावा. किती सिनेमांतून आणि किती कथांतून हे करायचं आम्ही?

आता मी शाळा सोडल्याचे दाखले लिहितो. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांची बदली' असं दर जूनमध्ये एकदा तरी लिहावं लागतं. दाखला न्यायला आलेला मुलगा नव्या गावाच्या विचारात असतो. वर्गात गेलो की त्याच्या बाकावरचा दुसरा मुलगा मला दिसतो. त्या दिवशी मी त्याला फळा पुसायला बोलावतो, वह्या वाटायला लावतो, मधल्या सुट्टीत त्याच्याशी बोलत बसतो. मला एवढंच करता येतं.

तुला मात्र अजून काही करता येण्यासारखं आहे. बंड्याला पत्र लिही. पत्ता तुला ठाऊक आहे. सुरुवात सुचत नसेल तर किल्ल्यावरून परतल्यानंतरची ती रात्र कशी गेली ते विचार. तुला सोडून आल्यावर त्याला झोप लागली का, एवढंच विचार.

तुझा,
मिरकरवाड्यातला एक मास्तर