रीतसर खाडाखोड

राजा बदलला की नाणी बदलतात, एवढं आपण शाळेच्या इतिहासात शिकलेलो असतो. राजा बदलला की पीडीएफही बदलाव्या लागतात, हे मला तोक्योत नोकरी करताना कळलं.

जपानमध्ये सालं दोन तऱ्हांनी मोजतात. एक आपलं सगळ्यांचं इसवी सन आणि दुसरं सम्राटाच्या कारकिर्दीचं. सरकारी कागदाचा ओढा दुसऱ्याकडे. सम्राट आकिहितो गादीवर होते तो काळ हेइसेइ. ३० एप्रिल २०१९ ला ते पायउतार झाले, दुसऱ्या दिवशी नारुहितो सम्राट झाले आणि हेइसेइ ३१ मध्येच थांबून रेइवा १ सुरू झालं. नवं नाव महिनाभर आधी, १ एप्रिलला जाहीर झालं. तेव्हाचे मुख्य कॅबिनेट सचिव योशिहिदे सुगा यांनी ते नाव लिहिलेली चौकट टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर धरली आणि रस्त्यावर वर्तमानपत्रांच्या जादा अंकांसाठी झुंबड उडाली. आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, टीव्हीकडे पाठ करून माझ्याकडे वळले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आपले फॉर्म किती आहेत हो?"

फॉर्म पुष्कळ होते. रजेचा, प्रवासखर्चाचा, पत्ता बदलल्याचा, पास हरवल्याचा. सगळे पीडीएफ, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर 'हेइसेइ', पुढे वर्ष, महिना, दिवस यांच्यासाठी कोऱ्या जागा. या पीडीएफ ज्यातून निघाल्या त्या मूळ फायली कुठे आहेत, असं विचारलं तेव्हा सगळे छताकडे बघायला लागले. फायली ज्याने केल्या त्याची बदली झाली होती. जपानचं आर्थिक वर्षही आपल्यासारखं एक एप्रिललाच सुरू होतं आणि बदल्यांचा हंगामही तोच. माणूस जातो, फॉर्म राहतो.

काम सांगायला एका ओळीचं होतं. हेइसेइ शोधा, रेइवा घाला. साध्या मजकुराच्या फायलीत हे चहा निवायच्या आत होतं. पण ॲडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणलं ते कागद जसाच्या तसा दिसावा म्हणून. पुण्यात केलेलं पान तोक्योत उघडलं तरी रेघ तसूभर हलू नये, हा त्याचा बाणा. बदल करू देणं त्याच्या गावीही नव्हतं. पीडीएफच्या पोटात डोकावलं तर वाक्यं सापडत नाहीत. सापडतात त्या हुकूमवजा सूचना: अमुक जागी जा, तमका फॉन्ट साडेदहा पॉइंटांत घे, त्यातली या नंबराची आकृती काढ, थोडं उजवीकडे सर, आता ती दुसरी काढ. कुठली आकृती म्हणजे कुठलं अक्षर, याची यादी वेगळी ठेवलेली असते. कधी ती नसतेच, आणि असली तर बरोबर असेलच असं नाही.

जपानी लिपीने यात आपली भर घातली आहे. तिच्या शब्दकोशांत अक्षरं लावण्यासाठी २१४ मूळ घटकांची जुनी यादी वापरतात आणि युनिकोडने त्या घटकांनाही स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. त्यामुळे 'दिवस' हे अक्षर आणि 'दिवस' हा घटक दिसायला जुळे भाऊ, पण रेशनकार्डं वेगळी. काही प्रोग्रॅम पीडीएफ तयार करताना एकाऐवजी दुसऱ्याचा क्रमांक नोंदवतात. मग तारीख डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत असते आणि कॉम्प्युटर सांगतो, सापडत नाही. मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी पत्रक पीडीएफमधून उचलून दुसरीकडे चिकटवलं की रोमन अक्षरं आणि कंस-टिंबांची जी मिसळ पानात पडते, ती आपण सगळ्यांनी खाल्लेली आहे.

शोधण्याचं जमलं, तरी बदलण्याची गंमत पुढे असते. पीडीएफ फॉन्ट सोबत घेऊन फिरतं, पण सगळा नाही. जपानी फॉन्टात हजारो अक्षरं. तेवढं ओझं कोण वाहणार? म्हणून पानावर जी अक्षरं आली आहेत तेवढीच बांधून घेतात आणि फॉन्टच्या नावाआधी सहा रोमन अक्षरं आणि एक अधिकचं चिन्ह लावून तशी खूण करतात. आता रेइवाची अक्षरं दोन, 'रेइ' आणि 'वा'. एक फॉर्म मी उघडून बसलो. 'वा' सहज मिळालं, कारण जन्मतारखेच्या रकान्यात जुन्या 'शोवा' काळाचं नाव होतं आणि त्यातलं 'वा' हेच. आजोबांच्या राजवटीने नातवासाठी मागे ठेवल्यासारखं. 'रेइ' मात्र कुठे दिसेना. शेवटी अगदी तळाशी, बारीक टायपात, 'कायदेकानूंनुसार' अशा अर्थाच्या वाक्यात 'होरेइ' हा शब्द होता, त्यात ते सापडलं. पण तळटीप जाड गॉथिक वळणाची आणि मथळा नाजूक मिंचो वळणाचा. उसनं आणलेलं 'रेइ' मथळ्यात असं उभं राहिलं, की सत्यनारायणाला कोणी हेल्मेट घालून बसावं.

अक्षरांच्या या चणचणीची जाण थोरामोठ्यांनाही होती. जपानी छापखान्यांत काळाच्या नावाची दोन्ही अक्षरं एकाच अक्षराच्या चौकोनात दाटीवाटीने बसवतात. मेइजी, ताइशो, शोवा आणि हेइसेइ यांच्या अशा जोडचौकोनांना युनिकोडमध्ये आधीपासून क्रमांक होते. नव्या काळासाठी नाव जाहीर होण्याआधीच क्रमांक राखून ठेवला गेला आणि मे २०१९ मध्ये युनिकोडची १२.१ ही आवृत्ती निघाली, ती या एकाच अक्षरासाठी.

पण अक्षरं मिळाली म्हणून सरसकट बदल करावा का? इथे कोडचं आणि शहाणपणाचं जमत नाही. जन्मतारखेच्या रकान्यात गोल करायला काळांची नावं असतात. तिथलं हेइसेइ बदललं, तर तिशीला आलेला तरुण एका रात्रीत पाळण्यात जातो. व्यक्तिगत माहितीच्या संमतिपत्रावर 'हेइसेइ १५ सालचा कायदा क्रमांक ५७' असा उल्लेख येतो. तो कायदा २००३ चा. तिथे रेइवा घातलं तर तो २०३३ चा होतो, आणि अजून न झालेल्या कायद्याला कर्मचारी आज संमती देऊन बसतात. कुमामोतो शहरात हेइसेइ नावाचं रेल्वे स्थानक आहे. पत्त्यात ते आलं तर प्रवाशाने उतरायचं कुठे? गिफू प्रांतात तर याच दोन अक्षरांनी लिहिलं जाणारं एक गाव आहे. ते आपला उच्चार हेनारी करतं. सम्राटाचा आणि त्याचा काही संबंध नाही, नाव आधीपासूनचं. त्याच एप्रिलच्या २१ तारखेला तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. काम त्यांनी रेइवात केलं, पण निवडणूक हेइसेइतलीच. ती तारीख कुठल्याही कोडने बदलता कामा नये.

यावर एका हुशार सहकाऱ्याने तोडगा काढला. बदलायचं कशाला? हेइसेइवर पांढरं ठिगळ लावू आणि ठिगळावर रेइवा लिहू. दिसायला झकास. पण पीडीएफमध्ये ठिगळाखालचं अक्षर जागच्या जागी असतं. पान निवडून कॉपी केलं की हेइसेइ आणि रेइवा हातात हात घालून बाहेर येतात. काळ्या ठिगळाचंही तेच. सरकारी कागद मागितल्यावर ज्याच्या ओळीच्या ओळी काळ्या करून देतात, त्या कागदाला जपानी लोक 'नोरीबेन' म्हणतात. भातावर समुद्रशेवाळाची काळी पत्री पसरलेला तो डबा. कागदावरची शेवाळपत्री निघत नाही. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला, तर खालचा भात कोणालाही खाता येतो.

मग माझ्या लक्षात आलं, की आपण ज्या देशात बसून कुठलाही माग न ठेवता बदल करायची खटपट करतोय, त्या देशाला मुळात तसा बदल आवडतच नाही. जपानी दस्तऐवजात चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाईही नाही. चुकीच्या शब्दावर दोन समांतर रेघा मारायच्या, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि आपला छोटा शिक्का उठवायचा. जुनं वाचता आलं पाहिजे, नवं वाचता आलं पाहिजे, आणि बदल कोणी केला तेही दिसलं पाहिजे. खाडाखोड, पण रीतसर. आपला जुना हस्तलिखित सातबारा याच घराण्यातला. कमी झालेल्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफाराचा नंबर पडतो आणि आजोबा कंसातून सगळ्यांकडे बघत राहतात. पीडीएफसुद्धा आतून असंच वागू शकतं. बदल जोडून साठवला, तर ते जुन्या मजकुराला हात लावत नाही. नवी नोंद फायलीच्या शेवटी टाकतं आणि इथून पुढे ही धरावी असं सांगतं. डिजिटल सही केलेल्या कागदाला तर हाच मार्ग.

बाजारालाही हे कळलं होतं. दोन रेघा आणि शेजारी 'रेइवा' एकाच दाबात उमटवणारे रबरी शिक्के विकायला आले. काचोंनी सोमूच्या, म्हणजे सामान्य प्रशासनाच्या बाईंसाठी एक मागवला. राष्ट्रीय कर खात्याने तर आणखी सोपं केलं. एक मे नंतरच्या तारखेलाही कोणी हेइसेइच लिहून आणलं, तरी तो कागद वैध मानला जाईल असं जाहीर केलं. म्हणजे बदल वाचणाऱ्याने मनातल्या मनात करून घ्यावा.

सोमूच्या बाईंच्या टेबलाशी मी थोडा वेळ उभा राहून पाहिलं. एका हाताने कागद सरकवायचा, दुसऱ्याने शिक्का मारायचा, टप्प. वरच्या तारखेवर टप्प. जन्मतारखेचा रकाना आला की हात थांबत नव्हता आणि शिक्काही उठत नव्हता. कायद्याच्या ओळीवरून त्या सरळ पुढे जात. मी कोडमध्ये अटींवर अटी रचून जे साधत होतो, ते त्या शेजारणीशी बोलता बोलता करत होत्या. काचोही माझ्यामागे येऊन बघत होते. त्यांनी विचारलं, "हे तुमच्या प्रोग्रॅमला शिकवता येईल का?" मी म्हटलं, येईल, आधी प्रोग्रॅमला या ऑफिसात वीस वर्षं काढावी लागतील. काचोंनी गंभीरपणे मान हलवली आणि आणखी एक शिक्का मागवायला सांगितला.