भिशीची उडी

(टेबलावर भिशीचा स्टीलचा डबा. काकू फोन कानाला लावूनच प्रवेश करतात.)

हॅलो, राफ्टिंगवाले का? मी डोंबिवलीहून, आमच्या महिला भिशीतर्फे. कोलाडला यायचंय. हो, थरार पूर्ण हवा! फक्त केस भिजायला नकोत. सकाळी? इतक्या सकाळी? दुपारची वेळ द्या ना. काय? दुपारी नदी नसते?

(फोन ठेवून, प्रेक्षकांना) ही कुंडलिका नोकरी करते हो! मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला येतं, तिथं वीज होते, मग तेच पाणी सकाळी नदीत सोडतात, त्यावर राफ्ट चालतात. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासूनचं. म्हणजे आमच्या आजेसासूबाई परकर नेसत होत्या, तेव्हापासून नदी फर्स्ट शिफ्टला! आणि आमच्या बायका? भिशी चारची, येतात साडेपाचला. वर विचारतात, "सुरू केलंत?" आता नदीला काय सांगू, पाचच मिनिटं थांब, वहिनींना मॅचिंग चप्पल सापडत नाहीये?

म्हणून कोलाड रद्द. सांधण दरीही रद्द. त्या फटीतून आडवं होऊन जायला लागतं असं कुणीतरी म्हणालं, आणि एकदम सगळ्यांच्या घरी पाहुणे यायचे ठरले.

उरलं कामशेत. पॅराग्लायडिंग! मागे पायलट बांधलेला, आपण पुढे. उतारावरून पळत सुटायचं, पाय जमिनीवरून सुटेपर्यंत पळायचं. मधेच बसायचं नाही, ही पहिली सूचना. अहो, आम्ही जन्मभर लोकल पकडायला पळतोय, ते बसायला मिळावं म्हणूनच ना! सवय कशी मोडणार?

तेही जमलं असतं. पण तिथला पॅराग्लायडिंगवाला मुलगा म्हणाला, "काकू, प्रत्येकीचं वजन कळवा."

(शांतता.)

आमच्या भिशीत कुणाच्या नवऱ्याला किती पगार, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळं उघड. पण वजन? मग मी डोकं चालवलं. चिठ्ठ्या! नाव नाही, नुसता आकडा. (डबा हलवतात, एकेक चिठ्ठी उघडतात.) "५८." बरं. "६२, त्यात बांगड्या धरल्यात." "लग्नातलं लिहू की आत्ताचं?" "८१. कोण आहे विचारायचं नाही."

आता पंचाईत! पायलटला सांगायचं काय? "यातली एक ८१ आहे, तू उडव, कळेलच"?

(पुढची चिठ्ठी उघडून थबकतात.) "४२ किलो." आमच्यात ४२ कोण? अक्षर ओळखीचं वाटतंय. (चष्मा लावून) "त्या दिवशी माझी चतुर्थी आहे. वर जायच्या आधी साबुदाण्याची खिचडी मिळेल का?"

(विंगेकडे वळून, ओरडून) सासूबाई! तुम्ही भिशीत नाही!