तंटामुक्त तात्या

साताऱ्यात शाहूपुरीत घ्या, नाहीतर सांगलीत विश्रामबागेत. तीन मजले, बारा फ्लॅट, खाली पार्किंग आणि बंद पडलेली लिफ्ट असली की त्या इमारतीत एक तात्या असतोच. बिल्डर नकाशात त्याची जागा दाखवत नाही. पहिलं भांडण झालं की तो आपोआप उगवतो. बहुधा जिल्हा परिषदेतून, एसटीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. अर्ध्या बाहीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं, आणि पार्किंगमध्ये कायमची मांडलेली प्लॅस्टिकची खुर्ची. कमिटीवर तो कधीच नसतो. 'आपल्याला पदाचा मोह नाही,' असं सांगतो. पण त्याला विचारल्याशिवाय चेअरमन टाकी धुण्याची तारीखसुद्धा ठरवत नाही.

तात्याच्या मते मध्यस्थी या मातीतच आहे. पुराव्यादाखल तो थेट प्रतिसरकारापर्यंत जातो. १९४३च्या सुमाराला, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच नांदत होता तेव्हा, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारानं गावोगाव न्यायदान मंडळं उभी केली आणि इंग्रजांच्या कोर्टाची पायरी न चढता तंटे मिटवले. "तवा पत्री मारायची सोय हुती. आता ती न्हाई, म्हणून च्या पाजावा लागतोय," असं तात्या खेदानं म्हणतो. त्यानंतर येतात तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा. गृहमंत्री असताना त्यांनी १५ ऑगस्ट २००७ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तंटे मिटवणाऱ्या गावाला सरकारी बक्षीस ठेवलं. गावाकडच्या तंटामुक्ती समितीवर तात्या होता. गावाला बक्षीस मिळालं का, या प्रश्नावर तो पाणी मागवतो. पण मोहीम गावांसाठी होती, अपार्टमेंटसाठी नव्हती, हे त्यानं आजतागायत मान्य केलेलं नाही.

तात्याच्या कामाचे दोन विभाग: धूर आणि आवाज. आवाज बारमाही. धुराचा हंगाम मार्च ते मे. त्या दिवसांत घरोघरी वर्षाची चटणी होते. ब्याडगी, संकेश्वरी उन्हात पडते, खोबरं, तीळ, धणे भाजले जातात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कढईत मिरची टाकली की तिसऱ्या मजल्यावरचे सर खोकत खोकत खाली येतात. सरांच्या हातात कायद्याची प्रिंट असते. तात्या ती घेतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "बसा की. भांडाण काय पळून चाललंय व्हय?"

ही तात्याची पहिली पायरी. सरांचा खोकला थांबेपर्यंत तो विषयाला हात घालत नाही. पुतण्याचं लग्न, कोयनेतलं पाणी, उसाचा दर, सगळं होतं. मग काकूंना बोलावणं जातं. त्या पदराला हात पुसत येतात आणि चटणी कुणासाठी चाललीय ते सांगतात: पुण्यात नोकरीला असलेल्या पोरासाठी, त्याला मेसचं जेवण सोसत नाही. सरांचाही पोरगा पुण्यातच असतो. त्यालाही मेसचं जेवण सोसत नाही. हे तात्याला आधीपासून ठाऊक असतं. दोघांच्या तोंडून ते एकमेकांसमोर वदवून घेणं एवढंच त्याचं काम. निकाल असा लागतो: यापुढे मिरची भाजायची ती गच्चीवर, रविवारी सकाळी, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी. एकाच्या घरातून आलेला धूर त्रासाचा असतो. बाराही घरांनी मिळून केला की त्याला कार्यक्रम म्हणतात. त्या रविवारी सर स्वतः उलथनं घेऊन कढईपाशी उभे असतात आणि मिरची कांडायच्या डंकावर डबे पोचवायला त्यांचीच गाडी जाते.

सिगारेटच्या धुराला मात्र तात्या वचकून असतो. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २००३च्या कायद्यानं बंदी आहे, पण स्वतःच्या बाल्कनीत उभं राहून ओढणाऱ्याला तो कायदा गाठत नाही आणि धूर तर शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो. इथं तात्या कायदा काढत नाही. ओढणाऱ्याच्या आईला फोन लावतो.

आवाजाच्या बाबतीत कायदा जास्त तपशीलवार आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलानं तात्याच्या मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घालून दिलं. तात्यानं ते भर बैठकीत सुरू केलं. पहाटेचा मिक्सर, वरच्यांची खाट, समोरच्यांची हलगी असं एकेक मोजायचं ठरलं होतं; पण तात्या नियम वाचून दाखवायला लागला आणि काटा तिथंच लाल झाला. ॲप त्याच रात्री काढून टाकण्यात आलं. "मशीनला मानसाची किंमत कळत न्हाई," हा त्यावरचा शेरा.

मशीनविना त्याचं चालतं ते बरंच चालतं. खाट सरकवल्याचा आवाज येतो म्हटल्यावर तो पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणतो, तुकडे कापून वरच्यांच्या खाटेच्या चारी पायांना स्वतः बांधतो. पहाटे साडेपाचला मिक्सर लावणाऱ्या वहिनींची पहिली एसटी सहाला असते आणि खालच्या सिस्टर रात्रपाळी करून नुकत्या आडव्या झालेल्या असतात, हे त्या दोघींना चार वर्षांत कळलेलं नसतं. तात्या सांगतो. दुसऱ्या दिवसापासून वहिनी वाटण रात्री करून ठेवतात आणि सिस्टर वहिनींच्या सासऱ्यांचं बीपी फुकट बघून जातात.

साताऱ्याचा तात्या आणि सांगलीचा तात्या यांत थोडा फरक आहे. साताऱ्याला छत्रपतींची गादी. तिथला तात्या निकाल देतो तो हुकूम सोडल्याच्या थाटात, आणि मग कंदी पेढ्याचा पुडा फोडतो. सांगली हळदीची बाजारपेठ. तिथला तात्या सौदा करतो. "तुमचं दहा नको, त्यांचं बारा नको, अकराला टीव्ही बंद," असं ठरवून भडंगाची पुडी पुढे करतो. रात्री १० नंतरचा नियम मोडला जातो, पण तक्रार करणाराच अकरापर्यंत मालिका बघत बसलेला असतो.

अडचण होते ती तक्रार तात्याविरुद्ध आल्यावर. संध्याकाळी डासांसाठी तो पार्किंगमध्ये कडुनिंबाचा पाला जाळतो आणि पहिल्या मजल्यावरचे वाळत घातलेले सगळे कपडे धुरकटतात. तात्यानं या प्रकरणातही न्याय नाकारला नाही. दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर बसून प्रतिवादी म्हणून बाजू मांडली, उठून दुसरीवर बसून ती ऐकून घेतली आणि प्रतिवादीला कडक शब्दांत समज दिली. पाला अजून जळतो. फक्त आता कपडे काढा म्हणून तो आधी हाक मारतो.

तात्या उपद्व्यापी आहे यात शंका नाही. भांडण नसलं की तो अस्वस्थ होतो. शांत आठवड्यात जिन्यात उभा राहून 'वरनं काय तरास न्हाई ना?' असं विचारणाराही तोच. तरीही हिशेब त्याच्याच बाजूनं लागतो. ११२ला फोन केला की पोलिसांची गाडी येते, समज देते आणि जाते. दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा तीच दोन माणसं समोरासमोर असतात आणि आता बोलणंही बंद असतं. तात्याकडं दंड नाही, अधिकार नाही, शिक्का नाही. बाराही घरांत कोण आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, कोण रात्रपाळीला जातं, एवढी माहिती मात्र आहे, आणि फ्लॅटमधली निम्मी भांडणं त्या माहितीअभावीच होतात. तुमच्या इमारतीत असा तात्या असेल तर त्याच्या चहाला नाही म्हणू नका. नसेल, तर लेखी तक्रार देण्याआधी निदान वरच्या मजल्यावरच्या माणसाचं नाव विचारून घ्या.